कानामागच्या हाडावरचा सा

साठ सालानंतरची गोष्ट. मी अमरावतीला बी.एस्सी. करत होते. घर अकोल्याच्या जुन्या शहरात. तिथे आई मुलींना पेटीवर गाणं शिकवायची. पण चाळिशीतच तिला कमी ऐकू येऊ लागलं आणि एक दिवस तिने पेटीवर चादर टाकली.

"मलेच माहा सूर समजत नाई, पोरींयले काय शिकवू?"

कानाची नस मेली, आता काही व्हायचं नाही, असं सगळ्यांनी ठरवूनच टाकलं.

त्या वर्षी कॉलेजच्या प्रयोगशाळेत ट्यूनिंग फोर्क हाती आला. दोन पायांचा तो पोलादी काटा रबरावर ठोकायचा आणि त्याच्या नादाशी लाकडी खोक्यावर ताणलेली तार जुळवायची. मुलं तारेवर कागदाचा कपटा ठेवून, सूर जुळताच तो उडायची वाट बघत. माझी तार नुसत्या कानाने जुळायची. एकदा सरांनी वाजत्या काट्याचा दांडा कपाळाला टेकवायला सांगितला. नाद डोक्याच्या आतच घुमला.

"आवाज हाडातूनही जातो," सर म्हणाले.

मला आई आठवली. शेवटी शेवटी ती पेटीच्या लाकडाला कपाळ टेकून वाजवायची. आम्हाला वाटायचं, दमली.

सरांकडून काटा मागून घेतला आणि रविवारी अकोला गाठलं. वाजता काटा आईच्या कानाशी धरला. तिने नकारार्थी मान हलवली. मग दांडा कानामागच्या हाडावर टेकवला. तिने माझं मनगट गच्च धरलं.

"सा! पेटीच्या पांढरी एकचा सा हाये हा!"

वडील जागचे उठले. दुसऱ्याच दिवशी आम्ही अकोल्याच्या कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी ड्रॉवरमधून तसाच काटा काढला, तेव्हा मला हसूच आलं. आमच्या घरी ज्याचा सूर झाला होता, कॉलेजात जे उपकरण होतं, ते इथे रोग ओळखायचं हत्यार होतं. डॉक्टरांनी दोनदा तपासून खात्री केली.

"नस शाबूत आहे, बाई. आतलं बारीक हाड जखडलंय. ते मोकळं करता येईल."

ऑपरेशन अमरावतीला, बाहेरून येणाऱ्या सर्जनच्या हातून झालं. कान तेवढा बधिर केला होता, आई जागी होती. मी आणि वडील दाराबाहेर उभे. आतून सर्जन काहीतरी पुटपुटले आणि पाठोपाठ आईचा खणखणीत आवाज आला, "येते ना ऐकू! हळू बोला, साहेब!"

आतले सगळे हसले. वडील मात्र माझा खांदा धरून रडत होते.

कानातला कापूस निघाल्यावर आम्ही बसने अकोल्याला निघालो. आई खिडकीशी बसून एकेक आवाज ओळखत होती: कंडक्टरचा पंच, मागच्या बाईच्या बांगड्या, बाजूने गेलेल्या बैलगाडीचे घुंगरू. बडनेरा सुटलं आणि तिने भर बसमध्ये गळा मोकळा सोडला. चारचौघांत गाण्यावरून एरवी डोळे वटारणारे वडील समोरच्या दांडीवर ताल धरून बसले. गाणं संपलं तसा मागून कुणीतरी ओरडलं, "काहून थांबल्या, काकू? होऊ द्या अजून एक!"

मूर्तिजापूर येईपर्यंत आई थांबली नाही.