लाल ठिपक्याचं ताट

बाई ताटं जाळावर भाजत होत्या, आणि जाळाला लाकडं मी आणून देत होते.

भर दुपार. किनवटच्या जंगलातलं हॉस्टेल. आम्ही अहमदपूरकडच्या एका शाळेच्या पोरी, उन्हाळी शिबिराला आलेल्या. अंगणात तीन धोंड्यांच्या चुलीवर भात शिजला होता. तो उतरवून त्याच निखाऱ्यांवर बाई एकेक ताट चिमट्यानं धरून फिरवत होत्या. पुढून, मागून. मला वाटलं, ही शिबिरातली आणखी एक विद्या. काल दोरीच्या गाठी शिकवल्या, आज ताटं भाजणं. मी परकर खोचला आणि पळत जाऊन काटक्यांचा भारा आणला.

"जाळ कमी पडायलाय का बाई? आजून आणू?"

बाईंनी माझ्याकडं बघितलं नाही. "आण," म्हणाल्या.

आणि मी आणल्या. काय ते शहाणं कार्टं! आज भेटलं तर कान धरून विचारीन, अगं ठोंबे, भात शिजून बसलाय, मग जाळ कशाला?

आमच्या बौद्ध वस्तीतून शिबिराला आलेली मी एकटीच. आईनं केसांना तेल चोपडून, "समदं शिकून ये," म्हणून पाठवलेलं. पहिल्याच दिवशी बाईंनी हॉस्टेलच्या ताटांतलं एक वेगळं काढलं, त्याच्या बुडाला लाल ऑइलपेंटचा ठिपका दिला. "हे तुझं." बाकी सगळी ताटं एकसारखी, कुणीही कुठलंही घ्यावं. खुणेचं ताट माझ्या एकटीचं! मला वाटलं, बाईंनी मला लीडर केलं. जेवण झालं की मी ताट उलटं करून पोरींना ठिपका दाखवत फिरायची. पोरी तोंडावर हात धरून हसायच्या. मी त्यांच्याहून मोठ्यानं हसायची.

जखमेला पट्टी बांधायला शिकवली तेव्हा पोरींच्या जोड्या लावल्या. हिनं तिच्या हाताला बांधायची, तिनं हिच्या. माझ्या जोडीला सागाचं झाड आलं. "तू झाडावर कर," बाई म्हणाल्या. मी अशी झकास पट्टी बांधली की विचारू नका. वरून फुंकर घातली. झाडाला विचारलंसुद्धा, दुखतंय का रं?

भाकरी थापायला, वरणाला फोडणी द्यायला सगळ्या पाळीपाळीनं बसायच्या. लाकडं आणायची माझी पाळी मात्र कधी संपायची नाही. मी म्हणायची, माझ्याएवढी ताकद कुणात हाय?

त्या दिवशी सकाळी बाईंनी सांगितलं, वस्तू जागच्या जागी ठेवणं हा पहिला गुण. माझं ताट रोज कुंपणाबाहेरच्या धोंड्यावर असायचं. मला वाटलं, बिचारं एकटं पडलंय. घासलं, पुसलं आणि आतल्या चळतीत मधोमध सारून ठेवलं. शिकलेलं लगेच अमलात आणणारी पोरगी मी.

म्हणून तो जाळ.

आणखी एक भारा घेऊन आले तेव्हा सुमनला राहवलं नाही. आमच्याच गावच्या पाटलांची सुमन, वर्गात माझ्या पुढच्या बाकावर बसणारी.

"ये येडे, तुझं ताट बाकीच्या ताटांना लागलं म्हणून भाजायल्यात बाई. अन् तूच लाकडं आणायलीस!"

पोरी हसल्या. या खेपेला मी हसले नाही.

ठिपका कळला. झाड कळलं. कुंपणाबाहेरचा धोंडा कळला. हातातल्या भाऱ्याचं वजनही तेव्हाच कळलं.

माझं ताट तेवढं बाजूला फेकलेलं होतं. ते कोण कशाला शुद्ध करणार? मी भारा खाली टाकला. ताट उचललं आणि निखाऱ्यांवर ठेवलं, बाईंच्या चिमट्यातल्या ताटाला लागून.

"काढ ते."

"न्हाई काढत."

"काढ म्हणते ना!"

"माझंबी भाजा. न्हाईतर कुणाचंच भाजू नका."

लाल ठिपका फुगला. काळा पडला. फुटला. रंग जळल्याचा वास अंगणभर. माझा भात बाईंनी सागाच्या पानावर वाढायला लावला. मी पानाला हात लावला नाही. भात तिथंच वाळला, मुंग्या लागल्या. त्या शिबिरातलं अन्न मी परत तोंडात घातलं नाही.

घरी आले तर आईनं विचारलं, "काय शिकलीस गं?"

"पट्टी बांधायला."

"दाव की." तिनं हात पुढं केला.

मला गाठ मारता येईना. आईचा हात ऊन होता, हलत होता. मी झाडावर शिकले होते. सुटलेली पट्टी हाताला तशीच लोंबत ठेवून आई चुलीकडं बघत राहिली.

तो वास अजून माझ्या मागं आहे. लातूरला लेकाच्या घरी राहते मी. शेजारी कुणी ग्रील रंगवली तरी मी उठून गॅस बंद करते. लग्नात जेवायला बसले की आधी ताट उलटं करते. एकदा पापड, कोशिंबीर, सगळं मांडीवर सांडलं. सून कानात म्हणाली, "आई, लोक बघायलेत." बघू देत की. मीबी बघायलेच की, ताटाचं बूड.

आता नात शिबिराला निघालीय. मुक्कामी. त्याच किनवटच्या जंगलाकडं. स्वतःचं काम स्वतः करणं, मिळून राहणं, जखमेला पट्टी बांधणं, असं सगळं शिकवणार आहेत. ताट घरून आणायचं आणि त्यावर खूण करायची. काल पोरीनं ताट पालथं घातलं आणि बुडाला लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला.

मी ताट हिसकावून घेतलं.

"आज्जी, अगं सगळ्यांनाच सांगितलंय. अदलाबदल होऊ नये म्हणून."

"सगळ्यांना?"

"हो गं!"

"तू बघितलीस का सगळ्यांची ताटं?"

पोरीनं नेलपॉलिशचं झाकण फिरवून लावलं.

ठिपका मी पुसला नाही. ताट तिच्या बॅगेत ठेवलं आणि माझी पिशवी भरली. सोडायला मी जाणार आहे. पहिली पंगत बसायच्या आधी एकूण एक ताट उलटं करून बघणार आहे. म्हातारी येडी हाय म्हणतील. ते नाव मला जुनंच आहे. सगळ्यांना खूण असली तर गपचूप एसटी धरीन. एकटीच्याच ताटाला निघाली, मग ते माझ्या नातीचं असो की दुसऱ्या कुणाच्या लेकीचं, तर ती पंगत मी बसू देणार नाही.

पोरीला एवढंच सांगून ठेवलंय, पट्टी शिकवतील तेव्हा माणूस मागायचा.

"अन् नाहीच दिला तर?"

"तर पट्टी खाली ठेवायची. झाडाला बांधायची न्हाई."