पितांबरभाऊंच्या घरी जाणाऱ्या सुमनबाई

अठ्ठ्याऐंशी सालच्या थंडीत रावेरात एक बातमी केळीच्या ट्रकपेक्षा जोरात पळाली: शाळेतल्या सुमनबाईंचा विधुर पितांबरभाऊंवर, म्हणजे त्यांच्या केळीबागेवर डोळा आहे. बातमी झुंबरबाईंच्या ओट्यावरून निघालेली, म्हणजे पक्की. बाई रोज संध्याकाळी भाऊंच्या घरात शिरत, दिवे लागल्यावर निघत. आणखी काय पुरावा हवा?

"कुठी चालल्या बाई?" झुंबरबाई मुद्दाम हटकत.

"पितांबरभाऊंकडे. येता का?"

असं तोंडावर खरं बोलल्यावर गप्पांतली मजाच जाते हो!

बाई चाळिशीच्या, एकट्या, गणित शिकवणाऱ्या. भाऊंची लेक कोकिळा त्यांच्याच दहावीत. पोलिओनं तिचे पाय गेलेले; बाप सायकलवर बसवून आणायचा. पोरीवर सगळ्यांची माया. कवायत माफ, वर्ग झाडणं माफ, सहल माफ. वर्ग मळ्यात भरीत करायला निघाला तेव्हा हेडमास्तर जीवराम सर प्रेमानं म्हणाले, "तू घरीच बस बेटा, डबा पाठवतो."

डबा न उघडता परत आला. मग कोकिळाही शाळेत येईना. बाई घरी गेल्या, तर पोरीनं कंपासपेटी पुढे केली. "कोनाले तरी देऊन टाका बाई. माझ्यावाचून कोनाचं काय अडते?"

'असं बोलू नये' म्हणून बाईंनी तिला गप्प केलं नाही. शेजारी बसून सरळ विचारलं, "कोकिळा, जीव द्यायचं मनात येतं का?"

"येते," ती म्हणाली आणि रडू लागली.

बाईंनी रडू दिलं. मग म्हणाल्या, "हे तुझ्या वडिलांना सांगणार. तुझ्यासमोर, चोरून नाही."

भाऊ हादरलेच. "मी तर तिले काडी उचलू देत नाही बाई! राणीसारखी ठेवली."

"तिथंच चुकलं भाऊ. शाळेतही आम्ही तेच केलं."

भाऊंनी तिला एसटीनं जळगावच्या डॉक्टरांकडे नेलं. औषध सुरू झालं. बाईंच्या संध्याकाळच्या फेऱ्याही. इकडे जीवराम सरांनी बाईंना बोलावलं. "गाव काय काय बोलतंय! बदली ओढवून घ्याल."

कोकिळेला विचारून बाईंनी त्यांना, फक्त त्यांनाच, सांगितलं.

पुढच्या रविवारी सरांनीच पुन्हा भरीत ठरवलं. काय दिवस होते! कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांवर वांगी भाजायची, धूर पार केळीच्या पानांत अडकायचा. आता गॅसवर भाजतात आणि त्यालाही भरीतच म्हणतात. कोकिळेला बैलगाडीतून आणलं आणि बाईंनी तिच्यासमोर भरीत ठेचायची लाकडी बडगी ठेवली. "ठेच!"

हातांवर घरभर फिरणारी पोर ती. काय ठेचलं तिनं! वर पोरांवर डाफरली, "तोंड काय पाहता रे? मिरच्या आना!" भरीत असं जाळ झालं की सरांच्या डोळ्यांतलं पाणी थांबेना. मिरचीचंच, असं ते म्हणत.

एका भरितानं दुखणं सरलं नाही. वाईट दिवस पुन्हा आले, बाईही जात राहिल्या, पार उन्हाळ्यापर्यंत. पोर दहावीला बसली, पास झाली. झुंबरबाई मात्र लग्नाच्या लाडवांची वाट बघत राहिल्या.

लग्नाचं काही नव्हतं. संध्याकाळी पितांबरभाऊ मळ्यात ट्रक भरायला जात आणि कोकिळा घरात एकटी असे. त्या वर्षी तिला एकटं ठेवणं धोक्याचं होतं. म्हणून भाऊ परत येईपर्यंत सुमनबाई तिच्याजवळ बसत.