बिबट्याला आवतण

धानाच्या ताज्या तणसाचा, म्हणजे पेंढ्याचा, वास आला की माझा एक जुना राग अजून उफाळून येतो. मूल गावातल्या घरी पहिल्यांदाच कुत्र्याचं पिल्लू आणलं, तेव्हा मी खोक्यात तणसाचं अंथरूण केलं, वर माझा चांगला स्वेटर घातला, ताटलीत कोमट दूध ठेवलं आणि बारशाला बसल्यासारखा समोर बसलो. पिल्लाने जो गळा काढला, तो थांबेचना. दिवेलागणीला शेजारच्या बाई कुंपणाशी येऊन उभ्या. “भाऊ, हे पिल्लू नाई आणलं तुमी, बिबट्याले आवतण देलं! याचं रडणं आयकून येते तो. उद्या वापस करा याले.” मी भडकलो. “अन् तुमच्या कोंबड्या काय मौन पाळून राह्यल्या?” “कोंबड्या सांजच्याले डालग्याखाली चूप होतात. तुमचं हे होते काय चूप, सांगा!” होत नव्हतं. मी थोपटलं, कुरवाळलं, शेवटी अंगाई म्हटली, तर ते दुप्पट जोराने रडलं. बायको म्हणाली, “तुमी गाऊ नोका जी.” अखेर बाईच “आणा इकडं, काऊन छळता त्याले” म्हणत आत आल्या, पिल्लाला पदरात घेतलं, आणि मला बोलणी बसत असतानाच ते झोपलं. “राहू द्या मंग,” त्या म्हणाल्या. माझं पिल्लू, माझं घर, आणि परवानगी यांची! आता त्या पिल्लाचं थोराड कुत्रं झालंय. जेवतं आमच्याकडे, झोपतं त्यांच्या ओसरीवर, आणि मी बोलवायला गेलो की माझ्यावरच भुंकतं.