तिवरांवर त्यांची पाटी नको

खाडीकाठच्या राई गावातल्या शेवंतीबाय पाटलांना एकदा तिवरांवर मातीचा भराव टाकायला आलेल्या डंपरवाल्याने विचारलं होतं, "बाई, तुमचं काय जातंय?" त्या डंपरच्या पुढ्यात खाली बसल्या आणि डंपर मागे वळेपर्यंत उठल्या नाहीत. तेव्हा त्या पन्नाशीच्या होत्या, आता साठी ओलांडली. सासऱ्यांचं मिठागर कधीच बंद पडलं होतं. उरली होती खाडीकाठची चिखलाची पट्टी. तिच्यावर त्यांनी तिवरांची, म्हणजे खारफुटीची, रोपवाटिका उभी केली. पावसाळ्यात बिया गोळा करायच्या, खाडीच्याच चिखलाने पिशव्या भरायच्या आणि रोप वीतभर झालं की ओहोटीत नेऊन लावायचं. गावातल्या अकरा बायका हळूहळू सोबत आल्या. पगार कुणालाच नव्हता. मागे आलेल्या महापुरात ज्या घरांपुढे तिवरं होती ती वाचली, हे सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. तेवढं पुरेसं होतं.

मग एका परदेशी बँकेची कृतिका नावाची अधिकारी आली. गोड बोलणारी, चिखलात चपला काढून उतरणारी. बँक रोपवाटिकेला पक्की शेड बांधून देणार होती, गोड्या पाण्याची टाकी देणार होती आणि बाराही जणींना दरमहा मानधन. बदल्यात काठावर बँकेच्या नावाची पाटी लावायची, एवढंच.

बायका हरखल्या. शेवंतीबायही हरखल्या, खोटं कशाला बोला? त्यांचा थोरला हितेश त्याच बँकेच्या गोरेगावच्या कचेरीत कामाला होता. पोराच्या बँकेची पाटी आपल्या जागेत, याचं त्यांना अप्रूप वाटलं.

त्या आनंदाला नख लावलं निशिगंधाने. ती जवळच्याच हाटकेश वस्तीत राहणारी, शाळेत भूगोल शिकवणारी. दर वर्षी मुलांना घेऊन रोपं लावायला यायची. तिने बातमी वाचून दाखवली. ज्या देशाची ही बँक, त्या देशाच्या सरकारने कोळशाच्या खाणीसाठी जुनी जंगलं तोडायची परवानगी दिली होती. किनाऱ्याला राखणारा कायदाही सैल केला होता. खाणीला पैसा पुरवला होता तिथल्याच बँकांनी, आणि त्यांत हिचंही नाव होतं. तिथले काही लोक म्हणत होते, आमच्या देशाच्या बँकांवर बहिष्कार टाका, त्याशिवाय सरकारचे कान उघडणार नाहीत.

रात्री जेवताना शेवंतीबायंनी हितेशला विचारलं. तो चिडला. "आई, देश वेगळा, बँक वेगळी. आणि आपल्या बँका काय धुतल्या तांदळासारख्या आहेत? असं बघत बसलो तर पैसे गादीखाली ठेवावे लागतील."

"तुझं बरोबर हाय," त्या म्हणाल्या. "पन आपल्या बँकेनी मना तिवरांत पाटी लावायला न्हाय सांगितलं. यांनी सांगितलंय."

पुढच्या आठवड्यात गावदेवीच्या मंडपात बैठक भरली. कृतिका कागद घेऊन आली होती. शेवंतीबायंनी सगळ्यांदेखत तिला विचारलं, "पोरी, खाणीची बातमी खरी हाय काय?"

कृतिका गडबडली. "तो त्यांच्या सरकारचा निर्णय आहे, काकी. बँकेचा नाही."

"आनि पैसं कोनी दिलं?"

ती पोर प्रामाणिक होती. म्हणाली, "काही आम्हीपण दिलेत."

"म्हंजे तिकडं जंगल तोडाया पैसं द्यायचं आनि हिकडं तिवरं लावली म्हून फोटो काढायचा. मना न्हाय पटत."

तेव्हा मंदा उठली. शेवंतीबायंची जुनी सोबतीण, पहिलं रोप दोघींनी मिळून लावलेलं. तिचा नवरा दोन वर्षांपासून अंथरुणाला खिळला होता. "तुझा पोरगा त्याच बँकेचा पगार घरी आनतो. तो गोड लागतो तुला. आमचं मानधन तेवढं कडू?"

मंदाचं बोलणं शेवंतीबायंच्या अगदी वर्मी लागलं होतं, कारण ते खरं होतं. "घ्या मतं, हात वर करून," त्या शेवटी म्हणाल्या. सात जणी बँकेच्या बाजूने गेल्या, शेवंतीबायंसकट पाच विरुद्ध.

जागा त्यांच्या नावावर होती, त्यांनी मनात आणलं असतं तर सगळं मोडीत काढू शकल्या असत्या. त्यांनी तसं केलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः रोपांची विभागणी केली, सात जणींना सात वाटे, पाच जणींना पाच. "तुमी दुसरी जागा बघा," त्या मंदाला म्हणाल्या. "माज्या जागेत पाटी लागनार न्हाय." मंदाने मान फिरवली. सात जणींनी गावाच्या दुसऱ्या टोकाला रोपं नेली. महिन्याभरात तिथे निळ्या पत्र्याची शेड उभी राहिली.

गोष्ट इथेच थांबली असती. पण बँकेने जाहिरातीचं पत्रक काढलं आणि त्यावर फोटो छापला तो शेवंतीबायंचा! गुडघाभर चिखलात उभ्या, हातात रोप. खाली बँकेचं नाव. कृतिकाने पहिल्या भेटीत काढलेला फोटो तो. निशिगंधाने पत्रक दाखवलं तेव्हा शेवंतीबायंनी ते घडी करून कमरेला खोचलं.

"गाडी काढ," त्या म्हणाल्या. "मना तितं ने."

नऊवारी लुगड्यात त्या गोरेगावच्या काचेच्या इमारतीत शिरल्या. पहारेकऱ्याने अडवलं. "किससे मिलना है, माँजी?"

"जिसने मेरा फोटो छापा, उससे."

कुणी खाली येईना. 'साहेब मीटिंगमध्ये आहेत,' एवढंच उत्तर. शेवंतीबाय तिथेच फरशीवर मांडी घालून बसल्या. येणारे-जाणारे वळून बघू लागले. कुणीतरी मोबाइल काढला. निशिगंधाला ओशाळल्यासारखं झालं, पण तीही शेजारी बसली.

अर्ध्या तासाने लिफ्टमधून हितेश उतरला. गळ्यात बँकेचं ओळखपत्र. आईला बघून तो जागच्या जागी थबकला. मागून त्याचे साहेब येत होते. शेवंतीबायंनी मान खाली घातली. पोराने ओळख दाखवली नाही तरी चालेल, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं.

हितेश पुढे आला आणि साहेबांना म्हणाला, "सर, ही माझी आई. पत्रकावर हिचाच फोटो आहे. हिला न विचारता छापलाय." मग आईच्या शेजारी तोही फरशीवर बसला.

चार दिवसांत पत्रक मागे घेतलं गेलं, माफीची चार ओळींची चिठ्ठी आली. हितेशची नोकरी गेली नाही. त्या वर्षी बढती मात्र हुकली. त्याने नोकरी सोडावी असं शेवंतीबाय कधी म्हणाल्या नाहीत. त्यालाही ती सोडवली नाही. घरावरचं कर्ज होतं, पोरीची शाळा होती. बँकेवरून मायलेकांचं आजही पटत नाही. मंदाची तिवरंही चांगली जोम धरून आहेत. चिखलाला बँक कळत नाही. दोघी बाजारात भेटल्या की एकमेकींना रोपांबद्दल विचारतात, शेडबद्दल बोलत नाहीत.

मागच्या रविवारी हाटकेशला निशिगंधाच्या सोसायटीत लोक जमले. त्या देशाच्या बँकांत खातं उघडणार नाही, त्यांचं कार्ड घेणार नाही, अशा पत्रावर सह्या करायच्या होत्या. पहिली सही आपली व्हावी म्हणून शेवंतीबायंनी कागद मागितला. एक गृहस्थ हसून म्हणाले, "आजी, तुमचं कुठे खातं आहे त्यांच्यात? तुमच्या सहीने त्यांना काय फरक पडणार?"

"त्यांचं ते बघतील," शेवंतीबाय म्हणाल्या. "माजं काय ते मी लिवते." आणि पेन घट्ट धरून, कागदाच्या अगदी वरच्या ओळीत, मोठ्या ठसठशीत अक्षरांत त्यांनी आपलं नाव लिहिलं.