उलट्या पायडलचे दोन हब

नातवंडांनो, तुमच्याकडे तिकडे परदेशात लहान मुलांच्या सायकलींना हँडलवर ब्रेक नसतो, पायडल मागं दाबलं की चाक थांबतं, हे तुम्ही फोनवर मोठ्या नवलाईनं सांगितलंत. मी तसली सायकल दारव्ह्यात चालवत होते. ती हातातून जाता जाता कशी राहिली, ते क्रमानं लिहिते.

लहानपणी माझा उजवा हात मोडला आणि नीट बसला नाही. मूठ वळत नसे. सायकलच्या हँडलवरच्या ब्रेकला दोन्ही मुठी लागतात. माझा एकच ब्रेक लागे, आणि गावाबाहेरच्या उतारावर तो पुरत नसे. मी शिकवत होते ती शाळा त्या उतारापलीकडच्या खेड्यात होती. त्या वाटेला बस नव्हती. उताराच्या तळाशी नाल्यावर रपटा, म्हणजे कठडे नसलेला ठेंगणा पूल. हिवाळ्यात त्यावर कापसाच्या बंड्यांची, म्हणजे बैलगाड्यांची, रांग लागे.

एकसष्टच्या दिवाळीनंतर मी एका बंडीच्या चाकावर जाऊन आदळले. कोपर फुटलं. मामाजींनी, म्हणजे तुमच्या आजोबांच्या वडिलांनी, जखम पाहिली आणि आवाज न चढवता म्हणाले, "आता एकदा पडली का मास्तरकी बंद. दुसऱ्यांदा नाई सांगत." घरात त्यांचा शब्द शेवटचा. तुमचे आजोबा नेरला नोकरीला, महिन्यातून एकदा येत. आमच्या दोन्ही घरांत शाळेच्या खुर्चीवर बसलेली मी पहिली बाई होते. ती खुर्ची मला सोडायची नव्हती.

उपाय बाजारातल्या म्हाताऱ्या सायकल मिस्त्रींनी काढला. भंगारात त्यांना उलट्या पायडलची दोन मागची चाकं मिळाली होती, एक इंग्लिश, एक जर्मन. दोन्हींचे हब, म्हणजे चाकाच्या मधले तुंबे, त्यांनी गोणपाटावर उघडून ठेवले.

"जयभीम बाई. या, पाहून घ्या. तुम्ही वहीवाल्या मानूस."

मी खरंच वहीत रकाने आखले. इंग्लिश हबमध्ये लोखंडाच्या आणि पितळेच्या पातळ चकत्या एकीवर एक रचलेल्या होत्या. पाय मागं दाबला की त्या एकमेकींवर घासत आणि चाक हळूहळू मंदावे. जर्मन हबमध्ये एक चिरलेली पितळी नळी होती. ती फुगून आतल्या भिंतीला चिकटे, आणि चाक जागच्या जागी थांबे. दोन्हींना डावीकडे वीतभर लोखंडी पट्टी होती. तिचं पुढचं टोक चाकाशेजारच्या सायकलच्या दांडीला क्लिपनं आवळायचं.

"ही कशाला?" मी विचारलं.

"असंन काही. होती तशी लावली."

तेवढा रकाना मी कोरा ठेवला.

तीन-तीन दिवस दोन्ही चाकं गल्लीत चालवली. इंग्लिशवर पाय मळलेल्या कणकेत रुतल्यासारखा वाटे. जर्मनवर धूळ उडे आणि सायकल थांबे. मी जर्मन घेतला.

"झटका मारते हां," मिस्त्री म्हणाले. "सासरच्यासारखा."

"सासरी राहून राह्यले ना मी, भाई? मग?"

एकच अडचण होती. त्या क्लिपच्या स्क्रूला साडीचा काठ दोनदा अडकून फाटला. आमच्याकडे बंडीच्या जुवापासून पाळण्यापर्यंत सगळं सुतळीनं बांधतात. मीही शनिवारी संध्याकाळी क्लिप काढून ठेवली आणि पट्टी दांडीला सुतळीनं बांधली. सात वेढे, वर घट्ट गाठ. फार नीटनेटकं दिसत होतं.

रविवारी सकाळी मामाजी काठी घेऊन रपट्यावर उभे राहिले. "उतर," त्यांनी खालून हाक दिली. "पाहू दे तुहा जर्मन."

अर्ध्या उतारापर्यंत मी मुद्दाम ब्रेक लावला नाही. समोरून एक भरलेली बंडी रपट्यावर चढत होती. मी पाय मागं दाबला. चाक धरलं, आणि त्याच क्षणी डाव्या बाजूला काहीतरी तुटलं. पट्टी खाली झुकून गर्रकन फिरली. पायडल पोकळ झालं. मागं दाबावं तर पाय नुसता खाली जाई. बैलांची शिंगं दिसू लागली. बंडीवाला ओरडत होता, "बाजूनं! ओ बाई, बाजूनं!"

रपट्याच्या अलीकडे डावीकडे कापूस वेचून झालेली पऱ्हाटी उभी होती. मी हँडल तिकडे वळवलं. काड्या पोटऱ्यांना, हातांना ओरबाडत गेल्या. वीसेक पावलांवर सायकल त्यांच्यात गुंतून थांबली. मी एका पायावर उभी होते.

मामाजी धापा टाकत आले. "पडली काय?"

"नाही. उतरले."

त्यांनी मला नखशिखांत पाहिलं, लोंबती पट्टी पाहिली, आणि सायकल उचलून थेट मिस्त्रींकडे निघाले. मी मागं.

"काहून रे! तुह्या चाकानं सून गेली असती माही! लाज नाई वाटत?"

दुकानात दोन-तीन गिऱ्हाईकं होती. मिस्त्री खाली वाकले. तुटकी सुतळी त्यांच्या बोटांत आली. क्लिपची रिकामी जागा त्यांनी पाहिली. मग माझ्याकडे पाहिलं, आणि सुतळी मुठीत मिटून मान खाली घातली. माझी नोकरी कशावर टांगलेली आहे, हे मीच त्यांना सांगितलं होतं. मी गप्प राहिले असते तर दोष त्यांच्याच माथी बसला असता.

"मामाजी, क्लिप मी काढली. साडी अडकत होती म्हणून. यांनी बरोबर लावली होती."

मामाजींचा चेहरा बदलला नाही. मला वाटलं, संपलं.

"कुठी हाय ते क्लिप?"

"घरी. डब्यात."

"आण. आन् तूच लाव. ह्याले हात नाई लावू द्यायचा."

मी क्लिप आणली. गोणपाटावर बसून डाव्या हातानं पाना फिरवला, उजव्या तळव्यानं पट्टी दाबून धरली. तेव्हा कुठे कळलं की ब्रेक लागला की तो सगळा जोर त्या पट्टीवर येतो, आणि ती दांडीला धरून राहिली तरच चाक थांबतं. इंग्लिश हबच्या मऊ ब्रेकखाली माझी सुतळी कदाचित महिनाभर टिकली असती, आणि मग शाळेच्या वाटेवर, मी एकटी असताना तुटली असती.

दुपारी पुन्हा उतार. मामाजी या वेळी रपट्याच्या ऐन मधोमध उभे राहिले, हलले नाहीत. मी पाय दाबला. मागचं चाक घासत गेलं, धूळ उडाली, आणि पुढचं चाक त्यांच्या काठीपासून हातभर अंतरावर थांबलं.

त्यांनी काठीनं पट्टी दोनदा ठोकून पाहिली. "उद्या शाळा कितीची?"

"साडेदहाची."

"मंग नऊले निघ. आन् साडी वर खोचून."