जलराणीची ओटी

साऱ्या जगाचं पाणी जिच्या मुठीत, अशी राणी एकदा माझ्यासमोर मांडी घालून बसली आणि म्हणाली, "माग बाई, जे मागशील ते देईन." आणि मी, शाळेत वक्तृत्वाचं बक्षीस मिळवलेली, घरात सगळ्यांत शहाणी समजली जाणारी (निदान माझ्याकडून तरी), तिच्याकडे नळाला पाणी मागून बसले. एवढा मोठा गाढवपणा आमच्या आर्वीत दुसऱ्या कुणी केला असेल असं मला वाटत नाही. राणीला जाड मिशा होत्या, डोक्यावर पदर म्हणून लाल पंचा होता आणि खाली एसटीची खाकी पँट होती. कारण राणी म्हणजे माझे धाकटे दीर. आणि माझे धाकटे दीर म्हणजे, सांगते ते लिहून ठेवा, एकाच वेळी चार राज्यांचा कारभार बिनचूक पाहणारा पण स्वतःची चप्पल रोज सकाळी हरवणारा असा माणूस उभ्या वऱ्हाडात दुसरा झाला नाही.

भाऊजी एसटी स्टँडवर गाड्या पुकारायच्या खोलीत बसत. आवाज असा की कर्णा बंद पडला तरी बाजारापर्यंत ऐकू जावा. इतर लोक गाडी पुकारत. भाऊजी गाडीची स्वारी पुकारत. "आर्वीहून निघून... पुलगावकडे... प्रस्थान ठेवणारी..." असं सुरू झालं की बाकावरचे लोक नकळत उभे राहायचे. एक म्हातारा तर चढलेल्या गाडीतून खाली उतरला, खिडकीशी आला आणि हात जोडून म्हणाला, "सायेब, गाडी वापस येते ना? मले फकत पुलगावलेच जाचं होतं." भाऊजींना हा आपला मोठाच सन्मान वाटला. घरी येऊन त्यांनी तो प्रसंग तीनदा, तीन आवाजांत करून दाखवला.

या आवाजाला साजेसं काम त्यांना मिळालं ते ब्याऐंशी-त्र्याऐंशीच्या सुमारास. त्यांचा कॉलेजातला एक मित्र परदेशी गेला होता. त्यानं तिकडून एक जाड इंग्रजी पुस्तक पाठवलं. खेळाचं पुस्तक, म्हणे. पण ना पट, ना सोंगट्या. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीत शिरायचं आणि "मी अमुक करतो, मी तमुक करते" असं म्हणत पुढे जायचं; ते जमलं की फसलं हे फाशानं ठरवायचं. पुस्तकासोबत एक पैलूदार, चकचकीत काळा फासा आला होता. तो पहिल्याच आठवड्यात सासूबाईंच्या देवघरात गेला. त्यांना तो शाळिग्रामाचा भाऊबंद वाटला, आणि एकदा गंध लागल्यावर तो परत मागायची छाती कुणाची? मग भाऊजींनी कवड्या आणल्या, आणि परदेशी खेळ आमच्या ओसरीवर नांदायला लागला.

त्या खेळात महाभूतांचे चार सत्ताधीश होते: अग्निराज, वायुराज, भूमिराज आणि जलराणी. पाचव्या आकाशाचं काय, असं सासूबाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं. भाऊजी म्हणाले, "ते रिकामं असते, माय. तिथं कोनावर राज्य करीन कोनी?" हे चौघे एवढे बलाढ्य की त्यांनी डोळे वटारले तर डोंगर वितळावेत. त्यांना हरवायचं काम आमच्याकडे, म्हणजे सासूबाई, आमचे हे आणि मी. चौघांच्याही वतीनं बोलायचं काम भाऊजींचं, आणि ते नुसतं बोलत नसत, ते राजे घरात राहायलाच यायचे. अग्निराजाच्या आठवड्यात भाऊजी जेवताना पाण्याला शिवत नसत. ठेच्यावर ठेचा खात, आणि डोळ्यांतून धारा लागल्या की म्हणत, "अग्निराज रडत नाई, वहिनी. डोळ्याले घाम येऊन राह्यला." भूमिराज फार सावकाश बोलायचा. त्याचं "कोण... आहे... तिकडे" पूर्ण होईस्तोवर माझा कुकर शिट्ट्या देऊन गार व्हायचा. आणि जलराणीच्या दिवसांत हा मिशाळ माणूस "मी येते हं" म्हणून कामावर जायचा. एकदा कर्ण्यावरही निघून गेलं, "पुलगाव गाडी मी आता सोडते." स्टँडवर आठवडाभर लोक खिडकीत डोकावून नवीन बाई कुठं बसते ते बघत होते.

आता असल्या बलाढ्यांना आम्ही हरवलं कसं, तर घरच्या रीतीनं. पुस्तकात तलवारी, भाले, मंत्र असं सगळं होतं. सासूबाईंनी त्यातल्या एकालाही हात लावला नाही. वायुराज चालून आला तो वैशाखातल्या भर दुपारी, अंगणात खरोखरीची वावटळ फिरत असताना. भाऊजी हात पसरून गरजले, "मी राजवाडे उडवतो! मी जंगलं झोपवतो! मले अडवते कोन?" सासूबाई दाराच्या वाळ्याच्या ताटीमागं वाती वळत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "अडवतं कोन तुले? ये ना बाप्पा. फकत खसाच्या ताटीतून येजो, म्या आताच पानी मारलं तिच्यावर." भाऊजी डोळे मिटून विचारात पडले. कवड्या टाकल्या, त्या सासूबाईंच्या बाजूनं पडल्या. मग वायुराजाचा आवाज हळूहळू उतरला, "गार वाटून राह्यलं, बुढे... जरासा टेकतो..." आणि तो झोपला. त्याच्याबरोबर आमचे हेही झोपले, ते चहालाच उठले. अग्निराजालाही त्यांनी मारलं नाही. चुलीतला निखारा रात्री राखेखाली झाकून ठेवतात तसं झाकलं, वर "सकाळी कामी येशीन" म्हणून बजावलं. भूमिराज आमच्या ह्यांनी जिंकला. हे बाजारात कापसाच्या वजनकाट्यावर कामाला होते, आणि काळ्या जमिनीशी त्यांचं जन्माचं नातं. म्हणाले, "उन्हाळ्यात काळीले हातभर भेगा पडतात. त्याले म्हनाव, जपून चाल." राजा भेगेत अडकला.

भाऊजींचा एक गुण मात्र सांगितलाच पाहिजे. त्यांनी खेळात कधी लबाडी केली नाही, आणि त्यांच्या राजांनी कधी शब्द मोडला नाही. हरलेल्या भूमिराजानं "तुमच्या दारी वाट करून देईन" असं कबूल केलं होतं. रविवारी उठून पाहते तर भाऊजी टोपलीनं मुरूम वाहून आमच्या फाटकापुढचा खड्डा बुजवत होते. मी म्हटलं, "भाऊजी, हे काय?" तर कमरेवर हात ठेवून, एकेक शब्द लांबवत म्हणाले, "राजाचं... वचन... वहिनी."

असा माणूस लग्नाला तयार कसा होणार? सासूबाईंनी स्थळांमागून स्थळं आणली आणि भाऊजींनी ती परतवून लावली. कधी पत्रिका, कधी उंची, आणि काहीच नसेल तर "माय, चार राज्याचा कारभार आहे माह्यावर." शेवटी केळझरचं स्थळ आलं. मुलगी आर्वीतच शाळेत शिकवायची, शनिवारी दुपारच्या गाडीनं गावी जायची. सासूबाई म्हणाल्या, "पोरगी शिकली, कमावते, तुह्याच खिडकीसमोरून गाडीत बसते. अजून काय पाह्यजे तुले? राजकन्या?" भाऊजी पंच्याशी चाळा करत बसले. मुलीकडचे निरोप देऊन गेले होते की मृग लागायच्या आत कळवा, दुसरं स्थळ थांबून आहे. तेव्हा सासूबाईंनी, ज्यांनी आयुष्यात पत्त्यांचा डावसुद्धा मांडला नव्हता, सरळ पैज मांडली. "तीन राजे हरले तुहे. मृगाच्या आत ते पान्याची रानी हरली तर केळझरले पोरगी पाहायले येशीन?"

"येईन."

"अन् नाई हरली तर?"

"तर माह्या लग्नाचं नाव नाई काढायचं."

"राजाचं वचन?"

"रानीचं," भाऊजी म्हणाले.

मी तेव्हा तिशीच्या आतली, आणि हे लग्न जुळवणं आता आपल्याच हातात आहे अशी माझी ठाम समजूत झाली. पैजेनंतर मी असा काही तोरा मिरवला की विचारू नका. भाजी चिरताना युद्धाचे डावपेच सांगायची. सासूबाई म्हणायच्या, "आधी भेंडी बारीक चीर, माय."

शेवटचा डाव मांडला तो मृगाच्या आदल्या दिवशी दुपारी. आकाश पांढरंफटक, नळाला दोन दिवस पाणी नाही, मोरीतला ड्रम पालथा घातलेला. भाऊजी पंचा डोक्यावर घेऊन तख्तपोसावर बसले आणि राणीचा दरबार सुरू झाला. पहिल्याच लाटेत आमचे हे वाहून गेले. ते तसेही घोरतच होते. सासूबाई पुष्कळ झगडल्या. "म्या पोहत नाई, म्या डोंग्यात बसते," असं म्हणून त्यांनी राणीला जेरीस आणलं. पण कवड्यांनी दगा दिला आणि त्याही बुडून जमिनीवर आडव्या झाल्या. बुडालेल्यानं बोलायचं नाही असा नियम होता, त्यामुळं त्या तोंडाला पदर लावून नुसत्या खुणा करायला लागल्या.

उरले मी एकटी. या खेळात प्रत्येकानं आपल्या पिशवीत काय काय आहे ते आधी सांगायचं असतं. ह्यांनी कुऱ्हाड घेतली होती. मी घेतला होता नारळ, खण आणि तांदूळ, कारण परगावी निघताना माझ्या पिशवीत तेच असतं, दुसरं काही सुचेल तर शपथ. भाऊजी तेव्हा हसले होते. आता त्या प्रचंड राणीसमोर मी पिशवीत हात घातला आणि म्हणाले, "मी राणीची ओटी भरते."

भाऊजींनी कवड्या उचललेला हात तसाच ठेवला. मग हळूच पंचा पुढं ओढला आणि दोन्ही हातांनी ओटी पसरली. सासूबाईंनी कपाळाला हात लावला, कारण जिची ओटी भरली तिच्यावर शस्त्र कसं उगारणार? पण राणीची मान खाली गेली होती. तिच्या आवाजातला सगळा पूर ओसरला होता. "बाई," ती म्हणाली, "आजवर मले कापायलेच आले सगळे. ओटी कोनी भरली नाई. माग. जे मागशील ते देईन." मी पिशवीतला हात बाहेर काढला. "मुकुट माग," राणी म्हणाली. "मुकुट मागितलास तर तोही उतरून देईन, अन् हरले म्हणीन." सासूबाई जमिनीवर आडव्या पडल्या पडल्या ओरडल्या, "मुकुट! मुकुट माग, वं!" भाऊजींनी खऱ्या आवाजात दटावलं, "बुडालेल्यानं बोलू नये, माय." आणि नेमका त्याच वेळी अंगणातला नळ कोरडाच खोकला. आतून वारा यायचा तसा. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "राणीसाहेब, रोज सकाळी नळाला तेवढं पाणी येऊ द्या."

भाऊजी माझ्याकडे बघतच राहिले. एका माणसाला एकच मागणं हा पुस्तकातला नियम, आणि नियम म्हणजे नियम. "दिलं," राणी म्हणाली, आणि डाव संपला. सासूबाई उठून बसल्या, साडी झटकली आणि म्हणाल्या, "नळ! समदं राज्य समोर मांडून ठेवलं, अन् माह्या सुनेनं नळ मागतला!" पुढे कितीतरी दिवस भाजीवालीपासून पुजाऱ्यापर्यंत सगळ्यांना त्यांनी ही कथा सांगितली, आणि दर खेपेला त्यात मी जराशी जास्तच बावळट होत गेले. आम्ही पैज हरलो होतो. शब्द दिलेला, तेव्हा केळझरला नकार कळवावा लागला.

राणीनं मात्र आपला शब्द पाळला. दुसऱ्या दिवशीपासून भाऊजी पहाटे सायकलला दोन्हीकडे डबे बांधून मळ्यातल्या विहिरीवर जात आणि मला जाग येण्याआधी मोरीतला ड्रम काठोकाठ भरून ठेवत. पाऊस लागला तरी थांबले नाहीत. छत्री नाही, टोपी नाही, डोक्यावर तो लाल पंचा. मी मनातल्या मनात म्हणायची, माणूस कसा खूश आहे बघा, लग्नाची पीडा टळली. माझ्या शहाणपणाला तेव्हा तोड नव्हती.

आषाढात एक दिवस सासूबाईंची मावसबहीण गाडीनं आली. पाय धुता धुता सांगून मोकळी झाली की केळझरच्या त्या मास्तरणीचं जुळलं, पुलगावला दिली, मुलगा चांगला आहे. भाऊजी मोरीत डबा ओतत होते. ड्रम भरला, पाणी काठावरून वाहायला लागलं, पायऱ्यांवरून अंगणात आलं, तरी त्यांचा हात काही थांबेना. पाहुणीबाई आत गेल्यावर मी जवळ गेले. त्यांच्या हातातून डबा घेतला. इतक्या वर्षांत त्यांच्या चेहऱ्यावर कुठलाच राजा नाही असं मी पहिल्यांदा पाहत होते.

"भाऊजी," मी हळूच विचारलं, "तुमाले पसंत होती का वो ते?"

त्यांनी पंचा डोक्यावरून काढला, पिळला, खांद्यावर टाकला. एसटीच्या कर्ण्यातून कधी न निघालेल्या बारीक आवाजात म्हणाले, "हाव. इतक्या पोरींले नाई म्हनलं, आता सोताहून हाव म्हनाची लाज वाटे. म्हनून त्या दिवशी मी हरायलेच बसलो होतो, वहिनी; पन आपल्या हातानं कसं हरावं मानसानं?"