माझ्या तोंडी दुसऱ्याचा आवाज

फहाहीलमध्ये माझं पडद्यांचं आणि सोफ्यांचं दुकान आहे. कुवेतला आलो तेव्हा मी दुसऱ्याच्या दुकानात सोफ्यांवर कापड ठोकत होतो. आता माझ्या हाताखाली कारागीर आहेत, अर्दियाला छोटं गोदाम आहे. हे सगळं मी बोलून मिळवलं. माझ्यापेक्षा चांगला हात असलेले लोक अजून दुसऱ्यांकडे ठोकतायत, हे मी रोज बघतो. गिऱ्हाईक दारात आलं की त्याच्या मनात काय आहे ते त्याच्याआधी आपण बोलून टाकायचं, एवढी एकच विद्या माझ्याकडे आहे. माझ्या हिंदीला संगमेश्वरचा हेल आहे, अरबीलाही आहे. त्या हेलामुळे आजवर एकाही कुवेती बाईने पडदा परत आणलेला नाही.

त्यामुळे माझा आवाज चालणार नाही, असं आयुष्यात पहिल्यांदा मला ऐकवलं गेलं आणि तेही मराठीतून, तेव्हा ते आत कुठेतरी रुतून बसलं. अजून निघालेलं नाही.

आमच्याकडे दर हिवाळ्यात मराठी मंडळी एका शाळेचा हॉल घेऊन नाटक करतात. कित्येक वर्षं त्यांच्या रंगमंचावरचा सोफा माझा, पडदे माझे, सामान नेणारी व्हॅनही माझीच. शेवटी आभार मानताना मला वर बोलावून पुष्पगुच्छ द्यायचे, फोटो काढायचे, आणि सामान उतरवायला पुन्हा मलाच बोलवायचे. एका वर्षी मी दिग्दर्शकाला म्हटलं, "या खेपेला सोफा हवा असेल तर त्याच्यावर मी बसणार."

दिग्दर्शक पुण्याचा, इथे बँकेत मोठ्या जागेवर. तो हसला. "शेठ, पडदा पडल्यावर खुशाल बसा."

"पडदापण माझाच आहे," मी म्हटलं.

मग त्याला कळलं की मी थट्टा करत नाही. नाटक त्यांच्यातल्याच एकाने लिहिलं होतं. त्यात पुण्यातला एक निवृत्त बँक अधिकारी असतो. मुलगी कायमची परदेशी निघालेली असते आणि हा तिला जा म्हणत नाही, जाऊ नको असंही म्हणत नाही. ही बापाची भूमिका मला मिळाली. मी गावच्या नमनात, आमच्या कोकणातल्या लोकनाट्यात, कामं केलेली आहेत. तिथे वीज गेली तर प्रेक्षक बॅटऱ्या काढतात आणि खेळ चालू राहतो. सोंग आणलेला माणूस अंधारातही बोलायचा थांबत नाही, कारण थांबला तर समोरचे त्याची टर उडवतात. तेवढ्या शिदोरीवर मी हो म्हटलं. मला हवं होतं ते इतकंच: माझी बायको, मुलगी, दुकानातले कारागीर समोर बसलेले असावेत आणि त्या सोफ्यावरून त्यांना माझा आवाज ऐकू यावा. पडदे शिवणाऱ्याचा नाही, नाटकातल्या माणसाचा.

इथे नाटक बसवायची एक पद्धत पडून गेली आहे. तेल कंपन्यांत काम करणाऱ्यांच्या शिफ्ट असतात, सगळे एका वेळी तालमीला येत नाहीत. शिवाय शाळेचे माइक खरखरतात आणि मागच्या रांगा ओरडतात. म्हणून सगळे संवाद आधीच रेकॉर्ड करून ठेवायचे, प्रयोगाच्या दिवशी ते स्पीकरवरून सोडायचे आणि नटांनी ओठ हलवायचे. दिग्दर्शकाच्या फ्लॅटमध्ये रेकॉर्डिंग झालं. एसीची घरघर नको म्हणून तो बंद केला, खिडक्यांना रजया लावल्या, आणि त्या उकाड्यात घाम पुसत मी बापाचे सगळे संवाद बोललो. दिग्दर्शक "छान, छान" म्हणाला. मी घरी जाऊन बायकोला सांगितलं, छान झालं.

पुढच्या तालमीला टेप लावली. मी सोफ्यावर बसलो, तोंड उघडलं, आणि स्पीकरमधून भलताच माणूस बोलायला लागला. गोड, भरदार, शब्द न शब्द धुऊन इस्त्री केलेला.

"हा कोण बोलतोय?" मी विचारलं.

"तुम्हीच," दिग्दर्शक म्हणाला. "म्हणजे, तुमचं पात्र."

"माझं पात्र माझ्या तोंडाने बोलतं की शेजाऱ्याच्या?"

"शेठ, चिडू नका. तुमचा अभिनय उत्तम आहे. पण पुण्यातला बँकेचा माणूस 'पानी आन' नाही हो म्हणणार."

"मग त्याला संगमेश्वरचा करा. बँका आमच्याकडेही आहेत."

"नाटक लिहून झालंय."

"सोफाही व्हॅनमधून उतरवून झालाय. परत चढवायला वेळ लागत नाही."

आवाज ज्याचा होता तो इंजिनियर कोपऱ्यातच उभा होता. तरुणपणी आकाशवाणीवर बोलायचा म्हणे. तो पुढे येऊन म्हणाला, "वैयक्तिक घेऊ नका. ही निव्वळ तांत्रिक बाब आहे."

मी त्याला काय बोललो ते इथे लिहीत नाही. खुर्चीला लाथ मारली, खुर्चीही माझीच होती. पण व्हॅन भरली नाही. बायकोने इमारतीतल्या सगळ्या बायकांना सांगून ठेवलं होतं, कारागिरांनी त्या शुक्रवारची सुट्टी मागितली होती. त्यांना काय सांगणार होतो? मग मी सौद्यावर आलो. म्हटलं, ठीक आहे, ओठ हलवतो. पण सुरुवातीला जाहीर करा की बापाचा आवाज दुसऱ्याचा आहे. दिग्दर्शक म्हणाला, त्याने रसभंग होईल. मी खूप ओढून धरलं. त्याने "बघू" म्हटलं. सौद्यात "बघू"वर उठायचं नसतं, हे मला कळतं. त्या दिवशी मी उठलो.

ओठ जुळवायचे तर नुसते शब्द पाठ असून भागत नाही. बोलणारा श्वास कुठे घेतो, कुठल्या शब्दावर रेंगाळतो, हेही पाठ करावं लागतं. मी ती टेप फोनवर घेतली, बायको-मुलीला आवाज कुणाचा ते सांगून टाकलं, आणि गाडीत ऐकत बसलो. वफ्राला एका शेतावरच्या बंगल्याचं मोठं काम होतं, रोज जाणंयेणं होतं. दोन्ही बाजूला हरितगृहं, खजुरांच्या रांगा, आणि गाडीत तो माणूस मुलीला सांगतोय: "पाणी आण आधी. उभ्याने बोलायच्या गोष्टी नाहीत या." मी त्याला शिव्या देत देत त्याच्याबरोबर ओठ हलवत होतो.

प्रयोगाच्या संध्याकाळी हॉल भरला होता. माझी माणसं चौथ्या रांगेत होती. इंजिनियर पहिल्या रांगेत, मधोमध, कोट घालून. जाहीर वगैरे कुणी काही केलं नाही. पडदा उघडला, माझ्याच कापडाचा, आणि मी दुसऱ्याच्या आवाजात बोलायला लागलो. टाळ्या पडल्या. चौथ्या रांगेतूनही पडल्या, आणि त्या कुणासाठी हे मला ठरवता येईना.

पहिल्या अंकाचा शेवटचा प्रवेश बाप आणि मुलीचा होता. मुलीचं काम एका हॉस्पिटलातली नर्स करत होती. मध्यंतरात चहा तयार असावा म्हणून मागे बायकांनी चहाचा मोठा विजेचा बंब लावला. तो लावला नेमका ज्या वायरवर आवाजाची यंत्रणा होती तिच्यावर. बत्त्या वेगळ्या लाइनवर होत्या, त्यामुळे उजेड जसाच्या तसा राहिला आणि आवाज तेवढा गेला. मुलगी "बाबा, मी ठरवलंय" म्हणायला तोंड उघडून उभी, आणि हॉलभर शांतता.

अंधार झाला असता तर बरं, लोकांना कळतं की काहीतरी बिघडलंय. लख्ख उजेडात दोन माणसं तोंड उघडून गप्प उभी असतात तेव्हा पाहणाऱ्याला वाटतं, हे नाटकातलंच असेल. कुणी खोकत नव्हतं. नर्सच्या डोळ्यांत मला दिसलं की तिच्याकडे एकही शब्द नाही. तिने संवाद कागदावर बघून रेकॉर्ड केले होते आणि नंतर फक्त टेपमागे धावली होती. ती हळूच म्हणाली, "बाबा..." थांबली. पुन्हा म्हणाली, "बाबा..."

समोर इंजिनियरचे ओठ हलायला लागले होते. तो मला माझं वाक्य देत होता.

माझं डोकं फिरलं. आणि तेव्हा लक्षात आलं की हीच ती वेळ आहे. मला मागून मिळालं नव्हतं ते न मागता समोर आलं होतं. माझी माणसं बसलेली, सोफा माझा, आणि हॉलमध्ये दुसरा कुणाचाही आवाज नाही.

मी बोललो. "पाणी आण आधी. उभ्याने बोलायच्या गोष्टी नाहीत या."

ती आत जाऊन रिकामा पेला घेऊन आली. तिला शब्द नव्हते, म्हणून मी दुकानातली रीत धरली, तिचं तिच्याआधी बोलून टाकायचं. "तू म्हणणार, बाबा, मी ठरवलंय. म्हण. आणि पुढे म्हणणार की दर वर्षी येईन." ती म्हणाली, "येईन ना." मी म्हटलं, "सगळे असंच म्हणतात." हे वाक्य नाटकात नव्हतं. हॉलमध्ये कुणीतरी मोठ्याने नाक ओढलं. समोर बसलेले सगळेच गावाला असं काहीतरी सांगून इथे आलेले होते. असा तो प्रवेश मी ओढत ओढत शेवटाला नेला, शेवटचं वाक्य म्हटलं, आणि पडदा ओढणाऱ्याला हाताने खूण केली.

मध्यंतरात दिग्दर्शकाने मला मिठी मारली. "शेठ, वाचवलंत!" बंब काढून दुसरीकडे लावला, आवाज परत आला, दुसरा अंक टेपवर सुरळीत पार पडला. तो सुरू होण्याआधी इंजिनियर कोट सावरत विंगेत आला. माझा हात हातात घेऊन म्हणाला, "कमाल केलीत. अगदी माझ्यासारखं बोललात हो!"

मला वाटलं टोमणा आहे. मी तोंड उघडलं, पण त्याच्या चेहऱ्यावर टोमणा नव्हता. माणूस मनापासून खूश होता.

घरी जाताना गाडीत मी बायकोला विचारलं, "मधला तो प्रवेश कसा वाटला?"

"कुठला?"

"टेप बंद पडली तो."

"बंद पडली होती? मला वाटलं, आवाज जरा बारीक केलाय, रडायचा प्रसंग आहे म्हणून."

"अगं, तिथे मी बोलत होतो. मी स्वतः."

तिने माझ्याकडे बघितलं. "अहो, काहीतरीच काय. ते तर त्या साहेबांचंच बोलणं होतं. पाणी, आणि ते उभ्याने वगैरे. तुम्ही कधी असं बोलता?"

मागच्या सीटवरून मुलगी अर्धं इंग्रजीत म्हणाली, "पप्पा, इट वॉज गुड. तुम्ही त्या अंकलसारखेच वाटलात."

 भांडायला कुणी समोर नव्हतं. आवाज काढून घेतला म्हणून मी त्यांच्यावर धुमसत होतो, आणि तो परत मिळाला त्या क्षणी माझ्या तोंडून तेच बाहेर पडलं जे त्यांनी माझ्या जागी ठेवलं होतं. वफ्राच्या रस्त्यावर मी शिव्या देत होतो तेव्हा ते आत शिरत होतं. जोर लावून कुणी घातलं नव्हतं. मी घाबरलो होतो, आणि घाबरलेला माणूस जे आधी हाताला लागतं ते उचलतो. तरीही माझी तक्रार मी सोडलेली नाही. ती टेप माझ्या आवाजात असती तर हाताला माझंच काहीतरी लागलं असतं.

नंतर एका सकाळी दिग्दर्शकाचा दुकानात फोन आला. तोच बाप घेऊन नाटकाचा पुढचा भाग लिहिला जातोय, आणि या वेळी बापाचा आवाज माझाच ठेवायचं त्यांनी ठरवलंय. "तुमचे उच्चार आता काय सुधारलेत, शेठ! आम्ही सगळे थक्क झालो."

मागितलेलं सगळं समोर ठेवलेलं होतं. असा माल कुणी दिला तर मी पटकन बांधून घेतो. पण हात पुढे जाईना.

"एका अटीवर," मी म्हटलं. "बाप संगमेश्वरचा पाहिजे. पुण्यात नोकरीला गेलेला, पण बोलणं गावचं."

"अहो, तोच बाप आहे. पहिल्या भागात तो शुद्ध बोलतो. लोक विचारतील ना."

"सांगा, म्हातारपणी परत मूळपदावर आला. येतात माणसं."

"बघू."

"बघू नाही. आज हो किंवा नाही. नाहीतर सोफा दुसरीकडे शोधा."

 मग तो म्हणाला, "बरं, एकदा म्हणून दाखवा. तेच पाण्याचं वाक्य. तुमच्या पद्धतीने. लोकांना चालेल का, ऐकू तरी द्या."

दुकानात कारागीर कापड बेतत होते. मी सुरुवात केली आणि तोंडातून पुन्हा तो धुतलेला, इस्त्रीचा "पाणी" आला. थांबलो. दुसऱ्यांदा म्हटलं तर उलटं झालं, मुद्दाम गावठी काढल्यासारखं, कुणीतरी आमची नक्कल करावी तसं. मलाच माझी चीड आली. फोन कानाला धरून मी डोळे मिटले. मुलगी बिलगी मनातून काढली, नाटक काढलं, पहिली रांग काढली. नुसती तहान लागलीय असं समजलो.

"पानी आन आदी. उब्यानं बोलायच्या गोष्टी नायत ह्या."

कात्री थांबली.  

"पुन्हा एकदा म्हणा," दिग्दर्शक म्हणाला. त्याला आवडलं की त्याला अजून शंका होती, हे त्याच्या स्वरावरून कळेना.

मी पुन्हा म्हटलं.